देवकाबाईच्या खोलीचं छत

पोळ्याच्या दिवशी दुपारची जेवणं उरकली आणि शामकला मायच्या पलंगावर जरा पाठ टेकायला म्हणून आडवी झाली, तेव्हा तिला छत हलताना दिसलं. सबंध छत नाही. नगाऱ्याच्या कातड्यासारख्या ताणलेल्या त्या पांढऱ्या कापडात, पायथ्याकडच्या कोपऱ्यापासून हातभर अंतरावर एक फुगवटा उठला होता, अंगठ्याएवढा जाड, आणि तो उशाच्या दिशेनं सरकत होता. उंदीर आता तिच्या ओळखीचे झाले होते. उंदराचा फुगवटा लिंबाएवढा गोल असे. तो धावे, थबके, पुन्हा धावे. हा लांब होता. ह्याला घाई नव्हती. पुढचं टोक वळलं तरी मागचं अजून सरळच होतं. तिच्या मानेखालची उशी एकाएकी गार लागली. तिनं मनात म्हटलं, उंदीर. दोन उंदीर, एकामागे एक. आणि असं म्हणताना आपण स्वतःशी खोटं बोलतोय हे तिला कळत होतं.

खाली चटईवर तिची माय देवकाबाई अडकित्त्यानं सुपारी कातरत बसली होती. बाहेर रस्त्यावर तोरणाखाली नेण्यासाठी सजवलेले बैल चालले होते, त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज भिंतीपलीकडून येत होता.

"काऊन वो, डोरे फाडून वरते काय पाहून राहिली?"

"काही नाही, माय."

"मी तं पाहतच नाई वरते. आभाळ खाली उतरल्यावानी वाटते मले. पयले कवेलूच्या फटीतून ऊन पडे, तं मले समजे किती वाजले. आता सकाळ बी पांढरी, दुपार बी पांढरी." माय हसली. तिचे पुढचे दोन दात पडल्यापासून ती तोंडावर पदर धरून हसायची. "पण तुह्या बाबूजीले नोको सांगू बाप्पा. त्याइनं हौसेनं केलं."

शामकला बोलणार होती. जीभ टाळूला लागलीही होती. तेवढ्यात दिवाणखान्यातून बाबूजींचा आवाज आला, पाहुण्यांना घर दाखवतानाचा तो खास उंचावलेला आवाज, आणि ती पलंगावरून उठून, पदर सावरून, भिंतीला लागून उभी राहिली. तिची नजर मात्र वरच होती.

बाबूजी, म्हणजे दुलीचंद, रेल्वेला लाकूड पुरवणारे ठेकेदार. नवेगाव बांधाकडच्या जंगलातून साग आणि साजाचं लाकूड उतरवायचं, गोंदियाच्या डेपोत कापायचं, आणि रुळांखाली घालायच्या पाट्या करून द्यायच्या, हा त्यांचा धंदा. त्या धंद्यापायी त्यांना साहेबांच्या बंगल्यांवर जावं लागे. व्हरांड्यात तासन्‌तास उभं राहावं लागे. इतर ठेकेदार त्या वेळात हिशेब करीत किंवा जांभया देत. दुलीचंद दारातून आत पाहत. पडदा कशावर लटकवलाय, खिडकीला किती झडपा आहेत, खुर्चीची पाठ किती कललेली आहे, सारं डोळ्यांत साठवून ते घरी येत आणि सुताराला बोलावत. कलकत्त्याहून त्यांच्या नावानं जाडजूड सूचिपत्रं येत. इंग्रजी त्यांना वाचता येत नसे. चित्रांखालचं ते शामकलाकडून वाचून घेत. लोक म्हणत, दुलीचंदच्या घरात चार पावलं टाकली की चार मुलूख हिंडून होतात. त्यात खोटं काही नव्हतं. दिवाणखाना साहेबी, गोंदियाच्या उन्हाळ्यात जिच्यात कधी काडी पेटली नाही अशी भिंतीतली शेकोटी तिथं होती आणि तिच्यात मायनं पितळेचा हंडा ठेवला होता. मधल्या खोलीत मारवाडी तऱ्हेची चित्रं, हत्ती, मोर, उंटावरची बाई. शामकलाच्या खोलीला मुंबईकडच्या घरांसारखी पाच फुटी खिडकी आणि काचेची पुस्तककपाटं. आणि आता ही मायची खोली.

"आन हे पाहा, यादोराव," बाबूजी दारातून म्हणाले. "आमच्या घरवालीची खोली. खालते नोको पाहू. वरते पाहा."

यादोराव हे नवेगावकडचे जमीनदार, बाबूजींचे जुने स्नेही, अंगानं थोराड. त्यांनी मान मागे टाकली. "काय गा दुलीचंद, सबंध खोलीलेच मच्छरदानी टांगली का?"

"मच्छरदानी! अरे, मोठ्या इंजिनेर साहेबाच्या बंगल्यात आहे तसं आहे हे. कवेलूचा कचरा नाई, जाळं नाई, पाली नाई."

"आन वरून काही पडलं तं?"

"वरून पडते फक्त चिन्नोरच्या भाताचा वास. घे, नाक लाव!"

दोघे हसले. मायही पदराआड हसली. सगळे वर पाहत होते, आणि शामकलाला दिसलं की तो लांब फुगवटा थांबला आहे. पलंगाच्या उशाच्या बरोबर वर, अर्धवर्तुळासारखा, निपचित. पांढऱ्यावर पांढरा. ज्याला ठाऊक नाही त्याला कापडाची सुरकुती वाटावी. यादोराव म्हणाले, "झकास." बाबूजींचा चेहरा असा उजळला होता की तिनं डोळे खाली घेतले. मग ते पुढच्या खोलीकडे गेले, माय चहा टाकायला उठली, आणि पुन्हा वर पाहिलं तेव्हा छत सपाट होतं. एकदम सपाट. तिला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची तिला पुढं सगळ्यात जास्त किळस आली.

ते छत फाल्गुनात, कवेलूंच्या म्हणजे कौलांच्या खाली बसलं होतं. मांजरपाटाचे पट्टे शिवून, लाकडी पट्ट्यांवर ताणून, त्याला खालून खळ आणि पांढरी छुईमाती द्यायची, म्हणजे ते चुन्याच्या गिलाव्यासारखं दिसतं. कारागीर मुन्नालाल रायपूरकडचा. त्यानं पहिल्याच दिवशी मोरचूद मागितला होता. बंगल्यांतल्या छताच्या खळीत मोरचूद घालतात, त्या निळ्या विषामुळे किडा-उंदीर कापडाला तोंड लावत नाही. पण मायचा देव्हारा ह्याच खोलीत. देवाच्या डोक्यावर विष कसं लटकवायचं, असं बाबूजींनी विचारलं, आणि मायनंही हात जोडून नको म्हटलं. मग खळ कशाची? भाताची. ह्या मुलखात कोणतीही वस्तू कडक करायची, चिकटवायची, ताठ उभी करायची, तर भाताची पेज, पतंगापासून धोतरापर्यंत. बाबूजींनी साधा भातही वापरू दिला नाही. चिन्नोर ह्या सुवासिक तांदळाची कणी शिजवली. आठ दिवस सगळ्या घराला पंगतीचा वास येत होता, आणि बाबूजी आल्यागेल्याला सांगत, साहेबाच्या छताला चुन्याची बदबू येते, माह्या छताला देवाच्या नैवेद्याचा वास येते. कोणाच्या मनात आलं नाही की नैवेद्य आपण उंदरांना वाढून ठेवतो आहोत. पाऊस लागल्यावर उंदीर आले. उंदरांमागून काय येतं, हे जंगलात आयुष्य काढलेल्या माणसाला सांगायला नको होतं. पण जंगलात माणूस पायाखाली बघून चालतो. स्वतःच्या घराच्या छताकडे तो फक्त कौतुकानं पाहतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे, अजून पुरतं दिसत नव्हतं तेव्हा, मायनं हाक मारली. हाक मोठी नव्हती. पोटात दुखतंय म्हणाली, शिळं खाल्लं असेल काही. शामकलानं ओवा आणला. मायनं ओवा तोंडात घातला आणि तो गिळता येईना. "घशात दडपल्यावानी होऊन राहिलं," ती म्हणाली, आणि मग थोड्या वेळानं, अगदी नवलाच्या सुरात, "डोरे उघडत नाई वो माह्ये." तिच्या पापण्या कुणी बोटांनी ओढून धराव्या तशा खाली येत होत्या. कुठं सूज नव्हती, कुठं रक्त नव्हतं. दंडावर दोन बारीक ठिपके होते, डास चावल्यासारखे. मण्यार चावते ती अशी. झोपलेल्याला कळतही नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची ती सकाळ, नारबोदची. रोगराईचं बाहुलं गावाबाहेर नेऊन टाकायला पोरांचे जथे ओरडत निघाले होते, सगळी पीडा घेऊन जा म्हणून गल्लीगल्लीतून आरोळ्या चालल्या होत्या, आणि त्या आरोळ्यांतून मायचा श्वास ऐकायला शामकलाला तिच्या तोंडाजवळ कान न्यावा लागत होता. डॉक्टर आला. मंत्रानं विष झाडणाराही आला. दोघांनी आपापलं केलं. दहा वाजायच्या आत सगळं संपलं. गोधडी उचलली तेव्हा काळ्या अंगावर पांढऱ्या बारीक कड्या असलेला साप खाली पडला आणि खोलीतल्या मोरीकडे निघाला. भाऊ हिरालालनं त्याला काठीनं ठेचलं.

मोरीकडे निघाला, म्हणून मोरीतून आला. मोरीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा असे. तो त्या सकाळी बाहेर पडलेला होता. बोळा लावायचं काम नंदाबाईचं. नंदाबाई वीस वर्षं घरात धुणी-सारवण करीत होती, मायपेक्षा थोडी लहान. तिला विचारलं तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली. "म्या लावलो होतो वो... का नाई लावलो? मले यादच येऊन नाई राहिलं." एवढं पुरे झालं. कुणी तिला मारलं नाही, हाकललंही नाही. बाबूजींनी एवढंच सांगितलं की तिनं उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही, अंगणातलं काम करावं. त्या दिवसापासून नंदाबाई अंगण झाडते, गोठा पाहते, आणि जेवण तिला ओसरीच्या कडेला वाढतात. कापडी छताला उशाकडच्या कोपऱ्यात, पडद्याच्या दांड्यामागं, चार बोटांची चीर होती. हिरालालची काठी लागली असेल, असं सगळ्यांनी धरलं. शामकलानं जवळून पाहिली. चिरेच्या कडा कुरतडलेल्या होत्या, पिवळट, जुन्या. त्या चिरेखाली पलंगाचं उसं होतं.

तेव्हापासून कुठल्याही खोलीत शिरलं की ती आधी वर पाहते. शाळेत ती मुलींना शिकवते, तिथं वर उघडी कवेलू आहेत, काळी लाकडं आहेत, चिमण्यांची घरटी आहेत. तिथं तिचा श्वास खाली उतरतो. सगळं दिसतं आहे, म्हणजे भ्यायचं कारण नाही. घरी मात्र फाटकातून आत येतानाच मान ताठते. तिनं आपलं अंथरूण ओसरीवर आणलं आणि गरम होतं असं कारण सांगितलं, कार्तिकात. पुस्तक वाचायला घेतलं की छापलेल्या ओळींच्या मधली पांढरी जागा हळूच फुगते आहे असं वाटतं, आणि ती पान मिटून टाकते. इतकी पुस्तकं वाचली. माणसं कशी गप्प राहतात, गप्प राहून काय काय घडवतात, ह्यावर मोठमोठ्या लोकांनी लिहिलेलं तिनं पेन्सिलीनं खुणा करून वाचलं होतं. त्या खुणा आता तिला आपल्या अक्षरातल्या वाटत नाहीत. भीती फक्त सापाची असती तर सोपं होतं. साप मेला. तिला भीती आहे ती आपल्या तोंडाची. कधीतरी जेवताना, ताट पुढं सारताना, ते आपणहून उघडेल आणि बोलून जाईल; आणि कधीच उघडणार नाही, ही भीती तिच्याहून मोठी.

कारण असं तोंड तिनं एकदा उघडलं होतं. दहा वर्षांची होती. बाबूजींनी दिवाणखान्याच्या झरोक्यांना कलकत्त्याहून रंगीत काचा आणवल्या होत्या, निळ्या आणि हिरव्या. पाहुण्यांनी वाहवा केली. ती मध्येच म्हणाली, बाबूजी, ह्या काचांनी सगळ्यांची तोंडं मेल्यासारखी दिसतात. पाहुणे हसले. बाबूजीही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिडी लावली, एकेक काच आपल्या हातानं काढली, कागदात गुंडाळली आणि मागच्या कोठीत नेऊन ठेवली. रागावले नाहीत. कुणी काही विचारलं तर उत्तर देत. पण जवळजवळ महिनाभर ते घरात असे वावरले, की जणू आपल्याच घरात पाहुणे आलेत आणि कधी जायचं ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ती पोरगी त्या महिन्यात शिकली, की ह्या माणसाला दुखवायला हात उगारावा लागत नाही. वर पाहून एक वाक्य बोललं तरी पुरतं.

पुढं मोठी झाल्यावर तिला आणखी एक समजलं, आणि ते समजणं तर पहिल्याहून वाईट होतं. बाबूजींनी कधी कुणाला पोटाशी धरलं नाही. त्यांना ते येतच नसे. आजी गेली तेव्हा त्यांनी दिवाणखाना पाडून साहेबी केला. आजीला थंडी फार वाजायची, म्हणून शेकोटी. तिचा थोरला भाऊ गोवर्धन बाराव्या वर्षी पटकीनं गेला, त्या उन्हाळ्यात मधल्या खोलीच्या भिंतींवर हत्ती आणि उंट आले. गोवर्धनाला हत्तीचं वेड होतं. शामकला एकोणिसाव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी परत आली, त्या दिवशी बाबूजींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण आठव्या दिवशी तिच्या खोलीची पूर्वेची भिंत पडलेली होती आणि सुतार माप घेत होते. "उजेड पाहिजे," एवढंच ते म्हणाले. त्या खिडकीत बसून तिनं पुढची दहा वर्षं काढली, वाचून, शिकून, नोकरी धरून. लोक बाहेरून ह्या घराकडे पाहून हसायचे, कुठला कुठला मुलूख आणून डांबलाय म्हणायचे. त्यांना काय ठाऊक, की हे सगळे मुलूख एकेका मरणाच्या वाटेवरचे आहेत. आणि सगळ्या घरात मायची एकच खोली अशी होती जिच्यामागं कुणाचं मरण नव्हतं. ती त्यांनी नुसत्या हौसेनं केली होती, साठाव्या वर्षी, बायकोसाठी. ती खोली करताना ते गुणगुणत होते. त्यांना गुणगुणताना तिनं पहिल्यांदा ऐकलं. मायनं एकदा तिला बाजूला घेऊन म्हटलंही होतं, "तू सांग ना वो त्याइले, तुहं ऐकतेत. माही खोली राहू द्या म्हणा तशीच, शेणानं सारवलेली." आणि तिनं त्या गुणगुणण्याकडे कान देत उत्तर दिलं होतं, "होऊ दे माय. चांगली दिसेल."

अशी आता तिच्याकडे दोन वाक्यं होती, एक बोललेलं आणि एक न बोललेलं. दिवसभर ती दोन्ही तिच्या आत फिरत. तराजूच्या दोन पारड्यांत घालून ती पाहायची. कधी हे जड, कधी ते. सांगितलं तर? तर ज्या माणसानं आयुष्यात एकदाच सुखानं काहीतरी बांधलं, त्याच बांधण्यानं त्याची बायको मारली, हे त्याला कळणार. चिन्नोरच्या कणीनं. देवाखातर टाळलेल्या मोरचूदानं. त्याच्या हातांनी. असा बाप पुढं किती दिवस जगेल? नाही सांगितलं तर नंदाबाई ओसरीच्या कडेला जेवेल, बस. एवढंच. हे "एवढंच" तिच्या मनात ज्या सहजतेनं उमटलं, तिनंच ती हादरली. एका सकाळी नंदाबाईनं अंगण झाडता झाडता तिला थांबवलं. "बाई, तुमी शिकलेल्या. एक विचारू? माणसाले आपल्या हातानं केलेलं काम यादच येऊ नये, असं होते का? म्या रोज झोपताना हात वर करून पाहतो. बोळा लावल्यावानी वाटते बी, आन नाई बी." शामकला म्हणाली, "होतं असं कधी कधी." आणि शाळेला उशीर होतोय म्हणून भराभर चालू लागली.

आणि मग हे ठरलं. हिरालालची बायको रुख्मिणी नवव्या महिन्यात होती. पहिल्या मुलीचं बाळंतपण माहेरी झालं, दुसरं सासरी व्हायचं. एका संध्याकाळी जेवताना बाबूजींनी सांगितलं, बाळंतीण देवकाच्या खोलीत राहील. घरातली सगळ्यात चांगली खोली ती आहे. स्वच्छ, वरून कचरा पडत नाही. मोरी त्यांनी विटांनी बंद करून घेतली होती. मुन्नालालला बोलावणं पाठवलं आहे, चीर सांधेल, नवी खळ देईल. "पोरगं त्या छताखालीच होईल. तिची इच्छा होती नातवाची," ते म्हणाले, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी भात दुसऱ्यांदा मागितला. शामकला वाढायला उठली आणि भात तिनं हिरालालच्या ताटात वाढला. रुख्मिणीनं तिच्याकडे पाहिलं. रुख्मिणी एकवीस वर्षांची, खेड्यातली, कमी बोलणारी. नंतर भांडी विसळताना ती हळूच म्हणाली, "वन्स, मले त्या खोलीत भेव वाटते. पण मामाजीले कसं सांगू? ते खूश आहेत." शामकलाला वाटलं, आपणच आपल्याला ऐकतो आहोत. ह्या घरातल्या सगळ्या बायका एकाच गोष्टीला भितात, आणि ती गोष्ट साप नाही.

चार दिवस गेले. रोज सकाळी ती ठरवायची आज, आणि रोज संध्याकाळी तिला दिसायचं की बाबूजी लाकडाची वखार सोडून लवकर घरी आले आहेत, हातात सूचिपत्र आहे, पाळण्याचं चित्र काढून बसले आहेत. "हे पाहा शामकला. खालते काय लिहिलं?" ती वाचून दाखवायची. आवाज कापू नये म्हणून ती शब्द तोडून तोडून वाचायची, शाळेतल्या पहिलीतल्या पोरीसारखी.

पाचव्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा अंगणात चूल मांडलेली होती आणि मोठ्या गंजात चिन्नोरची कणी शिजत होती. मुन्नालाल काठीनं खळ ढवळत होता. अंगणाकडच्या दारातून मायच्या खोलीत उभी केलेली शिडी दिसत होती, पलंग मधोमध ओढलेला. बाबूजी धोतर खोचून शिडीशी उभे होते.

"सेठजी," मुन्नालाल म्हणाला, "अबकी बार थोड़ा मोरचूद डाल दूँ? ऊपर चूहे बहुत हैं. रात भर दौड़ते होंगे."

"उंदीर कोणाच्या घरी नाई? खालते देव आहे, मागच्या बारीच सांगितलं ना तुले." मग त्यांचं लक्ष गोठ्याकडून पाण्याची घागर घेऊन येणाऱ्या नंदाबाईकडे गेलं. ती खळीसाठी पाणी आणत होती आणि नादात उंबऱ्याच्या जवळ आली होती. "तिथंच ठेव. आत नोको येऊ." आवाज चढलेला नव्हता. नंदाबाईनं घागर जिथल्या तिथं ठेवली, पाणी हिंदकळून तिच्या पायांवर सांडलं, आणि ती तशीच उभी राहिली, कुठं जावं ते न कळल्यासारखी. आत रुख्मिणी दाराच्या चौकटीला धरून, दुसरा हात पोटाखाली घेऊन उभी होती. ती वर पाहत होती.

शामकला तिच्या बाजूनं आत गेली आणि तिनंही वर पाहिलं. सकाळच्या उजेडात छत पांढरं होतं, गुळगुळीत, कोपऱ्यातल्या चिरेशिवाय निर्दोष. काहीच हलत नव्हतं. तिला कळलं की हलण्याची वाट पाहत आपण दोन महिने उभ्या आहोत. आज काही हललं तर आपल्याला बोलावं लागणार नाही, छतच बोलेल, आणि आपण सुटू. छत बोलणार नव्हतं. क्षणभर तिला वाटलं की आपल्याही पापण्या खाली येताहेत.

"शामकला," बाबूजी वळून म्हणाले. मऊ आवाजात. "मुन्नालाल म्हणते, छुईमातीत थोडी नीळ टाकली तं अजून चांगलं दिसते. तुले ठाऊक राहते तिच्या मनातलं. तूच सांग. तुह्या मायले पांढरं आवडलं असतं का निळसर?"

ते उत्तराची वाट पाहत होते. त्यांच्या पांढऱ्या मिशीला छुईमातीचा एक शिंतोडा लागला होता. असं काही विचारायला त्यांना किती जड गेलं असेल, हे तिला दिसलं. मायच्या आवडीचं त्यांनी जन्मात कुणाला विचारलं नव्हतं. तिला वाटलं, पांढरं म्हणावं. एक शब्द. पांढरं म्हणून शाळेला निघून जावं. समोर त्यांचा चेहरा होता, आणि तो आता कसा होईल हे तिला काच काच करून ठाऊक होतं. पण त्या चेहऱ्यामागं दारात ते पोट होतं, आणि त्याच्यामागं ओल्या पायांची नंदाबाई. शाळेतली, पुस्तकांतली भाषा तिला सापडेना. आली ती मायच्या तोंडची.

"बाबूजी, मायले हे छत आवडलंच नोहोतं," ती म्हणाली. "तिले भेव वाटे. तिनं मले तुमाले सांगाले लावलं होतं, आन म्या सांगितलं नाई."

"काय म्हणून राहिली तू?"

"रुख्मिणीले ह्या खोलीत नोका ठेवू. हा कपडा उतरवा. आजच उतरवा." आवाज कापत होता, आणि तो कापू दिला तिनं. "साप मोरीतून नाई आला. नंदाबाईचा काई दोष नाई. बोळा तिनं लावला असन, नसन, त्याचं काईच नाई. साप वरतून आला, बाबूजी. त्या चिरेतून. काठीनं नाई फाटलं ते, उंदरानं कुरतडलं. भाताच्या खळीले उंदीर आले, आन उंदरामागं तो आला."

मुन्नालालची काठी थांबली. बाबूजींचा हात शिडीवर होता.

"पोळ्याच्या दिवशी तुमी यादोरावाले वरते पाहा म्हटलं," शामकला म्हणाली, "तवा मी वरतेच पाहून राहिली होती. तो तिथंच होता. मायच्या उशावर. मले दिसला. मले समजलं बी. तुमी इतके खूश होते, मी बोलली नाई. आन रातच्याले म्या मायले त्याच पलंगावर झोपू दिलं."